सावळेरामने आळीला धार लावली

पिंपळवंडीच्या दूध संस्थेत सावळेराम फॅट लावायचा, म्हणजे दुधातली स्निग्धता मोजायचा. आता फॅट लावणारा माणूस गावात कुणाचाच लाडका नसतो, हे उघड आहे. कुणाच्या दुधाला फॅट कमी लागली, की म्हैस निर्दोष असते, वैरण निर्दोष असते, पहाटेच्या अंधारात कॅनमध्ये पडलेलं तांब्याभर पाणी तर अगदीच निर्दोष असतं. दोषी काय तो एकटा सावळेराम. पण गडी खमका होता. त्याची देवावर श्रद्धा होती आणि मापावर त्याहून जास्त होती. एक डोळा मिटून, मान तिरपी करून, श्वास रोखून तो आकडा वाचायचा, आणि मग समोर सख्खा मेहुणा उभा असला तरी आकडा हलायचा नाही.

अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच गोष्ट चुकली, ती म्हणजे सुरी. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीला संस्थेने सभासदांना भेटवस्तू द्यायचं ठरवलं. आधीच्या वर्षी डबे झाले होते, त्याच्या आधी तांबे. या खेपेला वस्तू निवडायचं काम सावळेरामवर आलं. त्याने बराच विचार करून लाल प्लास्टिकच्या मुठीच्या, आरशासारख्या चकचकीत सुऱ्या आणल्या. आळीतल्या घरोघरी एकेक गेली. दिवाळीभर त्यांचं कौतुक झालं. मग भोगी आली. भोगीच्या भाजीला गाजरं चिरायला घेतली आणि अख्ख्या आळीच्या सुऱ्यांनी गाजरापुढे मान टाकली. त्या दिवसापासून सावळेरामची सुरी हा शब्द गावात म्हणीसारखा चालू झाला. बैल नांगर ओढेना, तर तो सावळेरामची सुरी. पोरगं तिसऱ्यांदा दहावीला बसलं, तर ते सावळेरामची सुरी. संस्थेच्या सभेत अध्यक्षांचं भाषण लांबलं तरी मागून कुणीतरी तेच म्हणायचं, आणि व्यासपीठावर कपबशा मांडणारा सावळेराम कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा.

हे असं चारपाच वर्षं चाललं. माणसाला किती सोसवतं यालाही मर्यादा आहे.

मग घरी केबल आलं. दुपारी जेवून आडवं झालं की टीव्हीवर परदेशी माणसं हिंदीत बोलायची आणि काही ना काही विकायची. त्यांचे ओठ एक सांगायचे आणि आवाज दुसरंच. एका दुपारी असल्याच एका गोऱ्या माणसाने बूट कापला आणि त्याच सुरीने टोमॅटोची चकती केली. चकतीतून पलीकडचं दिसत होतं. सावळेराम उठून बसला. सुरी कोणती हे महत्त्वाचं नाही, सुरीला धार कशाने लावली हे महत्त्वाचं, असं तो गोरा हिंदीत म्हणत होता. चार वर्षांत इतकी शहाणी गोष्ट सावळेरामला कुणी सांगितली नव्हती.

टीव्हीवर बघून फोनवर माल मागवणाऱ्यांतला तो नव्हता. वस्तू हातात घेतल्याशिवाय निवडायची नाही, हा धडा त्याने लाल सुऱ्यांवरून घेतला होता. एक दिवस रजा टाकून तो नारायणगावहून एसटी धरून पुण्याला बोहरी आळीत गेला. पिशवीत लाल सुरी होती आणि शेजारच्या गेणभाऊच्या शेतातले टोमॅटो होते. दुकानदाराने पहिल्यांदा एक चाकवालं यंत्र दाखवलं. सुरी दोनदा त्यातून ओढायची की झालं काम. सावळेरामने विचारलं, धार किती अंशात लागते. दुकानदार म्हणाला, कापतंय ना, मग अंश कशाला. सावळेरामने यंत्र शांतपणे बाजूला सरकवलं. मग साधा दगड आला. यात अंश कुठे आहे, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, तुमच्या मनगटात. हे ऐकून सावळेरामला घामच फुटला. ज्याने उभ्या जन्मात कुणाच्या हाताच्या अंदाजावर विश्वास ठेवला नाही, त्याने स्वतःच्या तरी का ठेवावा?

तिसऱ्यांदा आली ती पेटी. तिच्यात एक चिमटा होता. सुरी पाठीकडून त्यात आवळायची. चिमट्याला उभी पट्टी, पट्टीला एकावर एक भोकं आणि प्रत्येक भोकाशेजारी आकडा कोरलेला: सतरा, वीस, पंचवीस, तीस. दगडाला मागे सळई होती, ती भोकात घालायची आणि दगड धारेवरून पुढे-मागे चालवायचा. हात थरथरला, लक्ष उडालं, पाठीमागून म्हैस ओरडली, तरी अंश बदलत नाही. खरखरीतपासून गुळगुळीतपर्यंत चार दगड आणि तेलाची एक इवलीशी बाटली. सावळेरामने ते आकडे वाचले आणि त्याला भरून आलं. दुकानदाराला त्याने तिथेच धार लावून दाखवायला लावली, मग पिशवीतला एकेक टोमॅटो काढून कापायला लावला. गल्ल्यापर्यंत रसाचा ओघळ गेला तेव्हा दुकानदाराने हात जोडले. पेटी घेऊन सावळेराम परतला तो नव्या नवरदेवाच्या चालीने.

आता सराव. कागदावरची इंग्रजी सोडून त्याने चित्रं पाठ केली. धारेला आधी शाई लावायची. दगड फिरवल्यावर शाई सारखी निघाली तर अंश बरोबर. एका अंगाने घासत राहायचं, पलीकडच्या अंगाला बोटाला खरखर लागली की बाजू बदलायची. शेवटी धार तपासायची ती हातावरच्या केसांवर. पहिल्या आठवड्यात त्याचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत झाला. मग उजवा. मग पायजमा गुडघ्यापर्यंत वर गेला. बायको चिमाबाई हे सगळं बघायची आणि पडलेले केस झाडून काढायची. तिचा स्वभावच तसा होता. शब्द तोळ्याने वापरायची.

पहिलं गिऱ्हाईक गेणभाऊ. टोमॅटोची झाडं बांधायची सुतळी कापायला तो खिशात घडीचा चाकू ठेवायचा, आणि तो चाकू इतका बोथट होता की गेणभाऊ सुतळी दातानेच तोडायचा. खिशातला चाकू राकट कामाचा, त्याला पंचवीस अंश, असा निर्णय सावळेरामने दिला. तासाभराने गेणभाऊने चाकू सुतळीला नुसता टेकवला आणि सुतळी तुटली. गेणभाऊ हरखला. त्याने स्वतःच्या दोन्ही हातांवरचे केस काढून घेतले आणि तसाच आळीतून हिंडून आला. संध्याकाळी त्याची बायको साळुबाई आपली लाल सुरी घेऊन दारात हजर. पाठोपाठ सगळी आळी.

त्याच सुमाराला चिमाबाई येडगावला बहिणीकडे निघाली. भाचीला बघायला पाव्हणे यायचे होते. पिशवी उचलून ती उंबऱ्याशी थांबली.

"गावच्या सुऱ्यांचं काय करायचं ते करा," ती म्हणाली. "माज्या सुरीला हात लावायचा न्हाई."

तिचीही सुरी तीच, संस्थेची, लाल मुठीची. मागच्या पायरीच्या दगडावर घासून घासून तिने ती वापरात ठेवली होती. सावळेरामने मान डोलावली. आणि बाई येडगावच्या वळणाला पोचली असेल-नसेल, एवढ्यात त्याने ती सुरी ताटाळ्यातून काढून उजेडात धरली. बघून त्याचा जीव कळवळला. धार एका अंगाला कललेली, पातं मध्येच झिजलेलं. फॅट लावणाऱ्याच्याच घरात असली सुरी. हिला सरळ करून ठेवू, बाई आली की खूश होईल, असं त्याने ठरवलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी बायको कशाने खूश होते याचा पत्ता नसला, की माणसं असले बेत करतात.

मग तो जो बसला, तो दुधाची वेळ सोडली तर उठलाच नाही. कुणाची सुरी कुणाची हे कळावं म्हणून त्याने पात्यांवर शाईने नावं लिहिली. चिमट्यात सुरी घट्ट बसावी, मूठ आड येऊ नये म्हणून बायकांनी मुठींना गुंडाळलेले दोरे, चिंध्या कापून काढल्या. साळुबाईची निळी सुतळीही गेली. चुलीजवळ वितळून वाकड्या झालेल्या मुठी तासून सारख्या केल्या. खाचा घालवल्या, गंज घालवला. आणि अंश देताना त्याच्यातला फॅटवाला जागा झाला: ज्या घरचं दूध चोख, त्या घरच्या सुरीला त्याने सतरा अंशांची तलम धार दिली, आणि ज्या घरच्या दुधात विहिरीचा वास, त्या घराला पंचवीस. कुणाला कळणार होतं? शेवटी चिमाबाईच्या सुरीसकट सगळ्या सुऱ्या एका घमेल्यात टाकून सोड्याच्या कढत पाण्याने स्वच्छ धुतल्या.

त्या पाण्याबरोबर नावंही गेली.

घमेल्यात बघून सावळेराम क्षणभर चरकला. एका नमुन्याच्या, एका झळाळीच्या, जुळ्या बहिणी वाटाव्यात अशा सुऱ्या. आजवर बायका आपापली सुरी ओळखायच्या त्या तिच्या दोषांवरून, आणि दोष तर याने एकूण एक काढून टाकले होते. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की सगळ्याच चांगल्या झाल्यात, कुणालाही कुठलीही मिळाली तरी नुकसान काय. एक घरच्या ताटाळ्यात ठेवली आणि बाकीच्या संध्याकाळी संस्थेत दूध घालायला जी येईल तिच्या हातात तो एकेक देत गेला. सुरी हातात देऊ नये, खाली ठेवावी, नाहीतर भांडण होतं, एवढं शेंबडं पोरही जाणतं. पण कौतुक ऐकायला आतुर झालेला माणूस खाली वाकत नाही.

सतरा-पंचवीसचं गुपित त्याने फक्त गेणभाऊला सांगितलं होतं. गेणभाऊला सांगणं म्हणजे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगणं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत प्रत्येक ओट्यावर टोमॅटो चिरले जात होते आणि शेजारणीची चकती आपल्यापेक्षा पातळ निघते का, ते बघितलं जात होतं. ज्यांची जाड निघाली त्यांनी आपली सुरी बदलली गेल्याचा पुकारा केला. ज्यांची पातळ निघाली त्यांनी दार लावून घेतलं. साळुबाईने समोरच्या घरावर सुरी ढापल्याचा आळ घेतला, समोरचीने साळुबाईच्या म्हशीच्या दुधात काय काय असतं ते मोठ्याने सांगितलं, आणि मग कुणाच्या दुधात किती विहीर याची आळीभर उजळणी झाली. आयुष्यभर फॅट लावून सावळेरामला जे सिद्ध करता आलं नव्हतं, ते बायकांनी एका सकाळीत एकमेकींच्या तोंडावर सिद्ध केलं.

याच धुमाळीत चिमाबाई परत आली. हातपाय धुऊन चुलीपुढे बसली, कांदा घेतला, सुरी घेतली. एक काप दिला आणि थांबली. सुरी उलटीसुलटी करून पाहिली आणि खाली ठेवून दिली.

"ही माजी न्हाई," ती म्हणाली.

सगळ्या सारख्याच आहेत, उलट आता सरस झाल्यात, असं सावळेराम ओसरीवरूनच समजावू लागला. चिमाबाईने ऐकून घेतलं आणि कांदा तसाच अख्खा कालवणात सोडला.

त्या रात्रीपासून घरात चिरणं बंद झालं. विळीला हात नाही, दुसऱ्या सुरीला हात नाही. माझी सुरी आली की चिरीन, एवढंच तिने सांगितलं, आणि रांधायला मात्र कुठे कसूर केली नाही. वांगी अख्खी, बटाटे अख्खे, इथवर काही बिघडलं नव्हतं. मग गवारीच्या शेंगा लांबच्या लांब आल्या. मेथीच्या जुड्या देठासकट ताटात आडव्या झोपल्या. शेवग्याच्या शेंगा कढईच्या दोन्ही अंगांनी हातहात बाहेर डोकावत शिजल्या. कोशिंबीर म्हणून एक सबंध काकडी आली, वर दही. आणि एका दुपारी ताटात कोबीचा अख्खा गड्डा आला, हळद-मीठ लागलेला, वाफाळता. सावळेरामने तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग दोन्ही हातांनी उचलून त्याने त्याचा लचका तोडला. नेमका तेव्हाच गेणभाऊ दारात आला, बघून तसाच मागे वळला आणि तासाभरात गावाला विषय मिळाला.

लोकांचं त्याने मनावर घेतलं नसतं. पण चिमाबाई भांडत नव्हती, हे त्याला झोंबत होतं. ती भाकरी गरम वाढायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि नजर उचलायची नाही. तिने एकच गोष्ट सांगितली होती आणि आपण तेवढीच मोडली, हे त्याला आतून टोचायला लागलं. लोकांच्या तोंडची ती म्हण आता त्याच्या लेखी कवडीमोल झाली. त्याला चिमाबाईची सुरी परत हवी होती.

तो घरोघर फिरला. पण जिच्याकडे पातळ धार ती दाखवेना, आणि जिच्याकडे जाड ती आधी माझी शोधून द्या म्हणून त्याला सोडेना. शेवटी गेणभाऊनेच डोकं चालवलं. सावळेराम सगळ्या सुऱ्यांना फुकटात सतरा अंश देणार आहे, दुधाचं काही बघणार नाही, अशी त्याने आवई उठवली. अर्ध्या तासात मारुतीच्या पारावर गोणपाटावर सुऱ्यांची रांग लागली. हातात कुणी दिली नाही. सगळ्यांनी खाली ठेवल्या, सावळेरामनेही घरची आणून ठेवली. गेणभाऊने टोमॅटोचं क्रेट आणून ओतलं. चिमाबाईला निरोप गेला, की येऊन तुझी ओळख.

चिमाबाई आली, पदर खोचून गोणपाटापाशी बसली. तिने पहिली सुरी उचलली, टोमॅटो कापला, सुरी बाजूला ठेवली. दुसरी उचलली. सावळेराम समोर उकिडवा बसून बघत होता. तिसरी सुरी झाली, चौथी झाली. काहीतरी त्याच्या डोळ्यांना खुपत होतं आणि ते काय हे कळत नव्हतं. मग कळलं. टोमॅटो उजव्या हातात होता. सुरी डाव्या.

"अगं, डाव्या हातानं का कापतीस?" त्याने विचारलं.

पारावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. साळुबाईने तर कमरेवर हात ठेवला.

"भावजी, ती डावरी हाय," साळुबाई म्हणाली. "तुमाला ठावं न्हाई व्हय?"

आळीला ठाऊक होतं. समोरच्या घराला ठाऊक होतं, गेणभाऊला ठाऊक होतं, पारावर खेळणाऱ्या पोरांनाही असावं. लग्न होऊन आल्या आल्या सासूने बजावलं होतं, म्हणून चिमाबाई चारचौघांत वाढायची, घ्यायची-द्यायची ती उजव्याने. आत चुलीपाशी, जिथे कुणी बघत नसे, तिथे तिचा डावा हात चालायचा. सावळेराम ओसरीवर बसून जेवणारा माणूस. चिरलेलं त्याने रोज खाल्लं, चिरताना कधी पाहिलं नव्हतं. पावशेर दुधातलं पाणी हेरणारा हा माणूस, त्याला मान वर करून बघवेना.

चिमाबाईने शेवटची सुरी खाली ठेवली. "हितं माजी न्हाई," ती म्हणाली आणि उठून घरी गेली. आणि ते खरंच होतं. तिची सुरी त्या रांगेत होती, पण याने ती सरळ करून टाकली होती. एका अंगाला कललेली ती धार म्हणजे दोष नव्हता. डाव्या हाताला साजेल अशी तिने ती दगडावर घासून बसवली होती.

बायकांनी भांडण आणि सतरा अंश दोन्ही विसरून हाताला येतील त्या सुऱ्या उचलल्या. उरली ती सावळेरामने घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेटी घेऊन आत गेला आणि चुलीशेजारी फतकल मारून बसला. चिमाबाईने त्याच्याकडे, मग पेटीकडे बघितलं. त्याने सुरी खाली ठेवली, कांद्याची टोपली पुढे ओढली आणि चिरून दाखव म्हणाला. तिने एक काप दिला. सुरी कुठे पळते, ते त्याने वाकून पाहिलं. मग ती चिमट्यात आवळून एकाच अंगाने घासली, पुन्हा खाली ठेवली. ती चिरायची, मान हलवायची, तो घासायचा. सळई कुठल्या भोकात आहे हे त्याने बघितलं नाही; ती म्हणाली आणखी, की आणखी. संस्थेत कॅन येऊन उभे राहिले, बोलावणं आलं, तरी तो हलला नाही. टोपलीतला कांदा संपला, मग बटाटे संपले, कोपऱ्यातला दुधीभोपळाही संपला. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घरभर चिरलेल्या भाजीचे ढीग पडले होते.

शेवटी तिने एक टोमॅटो घेतला. डाव्या हाताने सुरी सरळ खाली गेली आणि चकती ताटात आडवी पडली. चिमाबाईने पुन्हा एक कापली. मग सुरी पदराला पुसून ताटाळ्यात ठेवली.

"इतकी वर्षं सांगितलं का न्हाईस?" सावळेरामने विचारलं.

"तुमी कवा आत येऊन बसला व्हता?" ती म्हणाली.

सावळेरामने साली गोळा करून टोपलीत भरल्या. तो तिथेच बसून राहिला. चिमाबाईने चूल पेटवली आणि त्याचं ताट ओसरीवर न नेता तिथेच मांडलं.